इमेज आणि ॲनिमेशनचे फॉरमॅट: कुठला कधी वापरायचा आणि तुलना नीट कशी करायची

फॉरमॅटची तुलना करताना बहुतेक जण एकच चूक करतात. कुठून तरी आलेला एक जेपीजी उचलतात, तो पीएनजी, वेबपी, एव्हिफ अशा सगळ्यात कन्व्हर्ट करतात, केबी बघतात आणि जो आकडा लहान तो फॉरमॅट भारी असं ठरवून मोकळे होतात. अशा तुलनेला काही अर्थ नाही, कारण मूळ फाइल आधीच दाबलेली असते, क्वालिटीचे आकडे प्रत्येक फॉरमॅटमध्ये वेगळे असतात आणि ते चित्र नक्की कुठे दिसणार आहे हे कोणी विचारलेलंच नसतं. फॉरमॅट निवडणं हे शेवटचं काम आहे. त्याच्या आधीची कामं क्रमाने केली तर निवड बऱ्याचदा आपोआप होते, म्हणून खालचे टप्पे आहेत त्याच क्रमाने घ्या, मधला कुठला गाळू नका.

१. आधी मूळ फाइल हातात घ्या

मूळ म्हणजे कॅमेऱ्यातून किंवा फोनमधून थेट निघालेली फाइल, डिझाइन असेल तर ज्या सॉफ्टवेअरमध्ये केलं त्याची लेयर असलेली फाइल, स्क्रीनशॉट असेल तर काढल्याबरोबर सेव्ह झालेली. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून आलेली फाइल मूळ नाही, पाठवतानाच ती लहान केली जाते आणि पुन्हा कॉम्प्रेस होते. समोरच्याला सांगा की डॉक्युमेंट म्हणून पाठव, मग फाइल आहे तशी येते.

जेपीजी लॉसी आहे, म्हणजे सेव्ह करताना तो चित्रातली काही माहिती कायमची टाकून देतो. ती टाकलेली माहिती पीएनजीत कन्व्हर्ट करून परत येत नाही, उलट झालेली सगळी खराबी पीएनजी इमानदारीने जशीच्या तशी जपतो आणि फाइल कित्येक पट मोठी होते. आणि तोच जेपीजी उघडून, थोडं काही बदलून, पुन्हा जेपीजीतच सेव्ह, असं पाच-सहा वेळा झालं की अक्षरांच्या कडेला घाण दिसायला लागते. म्हणून मूळ फाइलला कधी हात लावायचा नाही, कॉपी काढून तिच्यावर काम करायचं.

सावध: फाइलच्या नावातलं शेवटचं डॉट-जेपीजी पुसून डॉट-पीएनजी लिहिलं म्हणजे फॉरमॅट बदलत नाही. आतला डेटा तोच राहतो. बरेच प्रोग्राम नावाकडे न बघता आतला डेटा वाचून फाइल उघडतात म्हणून लोकांना वाटतं जमलं, आणि मग कुठल्या तरी वेबसाइटवर अपलोड करताना फाइल खराब आहे असा एरर येतो. फॉरमॅट बदलायचा तर फाइल उघडून एक्सपोर्ट करायची.

तपासा: पिक्सेलमध्ये रुंदी-उंची किती आहे? ४००० बाय ३००० असेल तर बहुधा कॅमेऱ्याची, १६०० च्या आसपास असेल तर मधे कुठेतरी लहान झालेली असण्याची शक्यता जास्त.

२. चित्र कुठल्या प्रकारचं आहे ते बघा

चार प्रकार पुरतात. एक, फोटो: माणसं, झाडं, आकाश, जिथे शेजारच्या दोन पिक्सेलचा रंग थोडाथोडा बदलत जातो. दोन, सपाट रंगाचं चित्र: स्क्रीनशॉट, तक्ता, ग्राफ, अक्षरं, कार्टून. तीन, लोगो किंवा आयकॉन, म्हणजे जे लहान-मोठ्या सगळ्या आकारात लागतं. चार, हलणारं काहीही.

जेपीजी चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे तुकडे करतो आणि प्रत्येक तुकड्यातला बारीक तपशील कमी करतो. फोटोत ते खपून जातं, पण पांढऱ्यावर काळं अक्षर असलं की त्या तुकड्यात अक्षराच्या भोवती करडे ठिपके उठतात. पीएनजी लॉसलेस आहे, एकही पिक्सेल बदलत नाही, आणि एकसारखा रंग लांबपर्यंत असला की खूप छान दाबतो, पण फोटोत तसं एकसारखं काहीच नसतं म्हणून तिथे फाइल फुगते. एवढी एक गोष्ट डोक्यात बसली की निम्म्या चुका बंद होतात: फोटो पीएनजीत ठेवून वेबसाइट जड करू नका आणि स्क्रीनशॉट जेपीजीत टाकून अक्षरांची वाट लावू नका.

मिश्र चित्रं असतात, म्हणजे फोटोवर मोठं टायटल लिहिलेलं. तिथे जेपीजीच घ्या पण क्वालिटी वर ठेवा आणि क्रोमा सबसॅम्पलिंग, म्हणजे जागा वाचवायला रंगाची माहिती कमी साठवणं, बंद करा, गिम्प या चित्र एडिट करण्याच्या सॉफ्टवेअरच्या एक्सपोर्टमध्ये तो पर्याय ४:४:४ म्हणून दिसतो. नेहमीच्या ४:२:० सेटिंगमध्ये चार पिक्सेलना मिळून एकच रंग साठवला जातो, उजेड-अंधार मात्र प्रत्येकाचा वेगळा. लाल अक्षरं निळ्या किंवा काळ्या बॅकग्राउंडवर का पसरल्यासारखी दिसतात त्याचं कारण हेच.

३. चित्र कुठे जाणार ते लिहून काढा

वेबसाइट असेल तर वेबपी आणि एव्हिफचा विचार करायचा. ईमेलमध्ये जायचं असेल तर फक्त जेपीजी, पीएनजी, जिफ एवढेच धरा. छपाईला जाणार असेल तर छापणाऱ्याला विचारा, बहुधा टिफ किंवा पीडीएफ मागतील, आणि पिक्सेल पुरतात का तेही बघा: ३०० पीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० पिक्सेलने, १० सेंटीमीटर रुंद छापायचं तर साधारण ११८१ पिक्सेल रुंदी लागते. पुढे कोणी एडिट करणार असेल तर लेयरवाली फाइल किंवा टिफ, पीएनजी द्या.

फोन एचईआयसी या फॉरमॅटमध्ये फोटो काढत असेल, आयफोन २०१७ च्या आयओएस ११ पासून काढतात, तर दुसऱ्याला देताना जेपीजी करून द्या. जागा कमी खातो आणि क्वालिटी चांगली असते हे खरं, पण सफारी सोडून बाकीचे नेहमीचे ब्राउझर तो उघडत नाहीत. नेहमीच जेपीजी हवा असेल तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये फॉरमॅट्समध्ये जाऊन मोस्ट कंपॅटिबल निवडा.

४. एक्सपोर्टच्या आधीचा क्रम

हा क्रम उलटा केला की सगळं बिघडतं, म्हणून नीट पाळा.

१) सरळ करा, क्रॉप करा.
२) लागतील तेवढ्याच पिक्सेलवर आणा.
३) रंग एसआरजीबीत, म्हणजे वेबवरच्या नेहमीच्या रंगपद्धतीत, कन्व्हर्ट करा.
४) गरज असेल तर हलकंसं शार्प करा, आणि ते लहान केल्यानंतरच, आधी नाही.
५) मग एक्सपोर्ट.

दुसऱ्या पायरीकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. पानावर ८०० पिक्सेल रुंदीत दिसणाऱ्या फोटोसाठी लोक ४००० पिक्सेलची फाइल टाकतात आणि मग क्वालिटी कमी-कमी करत बसतात. दाट पिक्सेलची स्क्रीन असलेल्या फोनसाठी दुप्पट, म्हणजे १६०० ठेवा, त्याच्या वर जाऊन क्वचितच काही मिळतं. शिवाय फाइल उघडली की मेमरीत फॉरमॅट उरत नाही, प्रत्येक पिक्सेलला साधारण ४ बाइट लागतात, म्हणजे ४००० बाय ३००० चा फोटो डिस्कवर ३०० केबी असो की ५ एमबी, स्क्रीनवर दाखवताना तो ४.८ कोटी बाइट खातो. जुना फोन पान स्क्रोल करताना अडकतो तो यामुळेसुद्धा, आणि त्यावर कुठलाही फॉरमॅट इलाज नाही.

सावध: मेटाडेटा, म्हणजे फाइलमध्ये चित्रासोबत साठवलेली जादा माहिती, काढताना तीन गोष्टी वेगळ्या समजा. लोकेशन काढून टाका, घराचा पत्ता फोटोसोबत जायला नको. ओरिएंटेशनचा टॅग काढायचा तर आधी पिक्सेल खरोखर फिरवून घ्या, नाहीतर फोटो आडवा पडतो. आणि कलर प्रोफाइल काढायचं असेल तर आधी एसआरजीबी करा, नाहीतर डिस्प्ले पी३ या जास्त रंगांच्या पद्धतीतला फोटो फिका पडतो आणि लोक दोष फॉरमॅटला देतात.

तपासा: फाइल सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या शाईच्या रंगांत, तर नाही ना? छपाईसाठी केलेला जेपीजी तसाच वेबवर टाकला की काही ठिकाणी रंग भलतेच दिसतात.

५. स्थिर चित्रांचे फॉरमॅट, कामापुरते

जेपीजी: फोटोसाठी, सगळीकडे उघडतो. ट्रान्सपरंट बॅकग्राउंड नाही, लोगो जेपीजीत सेव्ह केला की मागे पांढरा चौकोन येतोच. क्वालिटी ७५ ते ८५ मध्ये ठेवा, १०० वर फाइल प्रचंड वाढते आणि डोळ्याला फरक दिसत नाही.

पीएनजी: स्क्रीनशॉट, ग्राफ, अक्षरं, ट्रान्सपरन्सी. इथे एक जागा आहे जी लोक सोडून देतात: रंग थोडेच असतील तर पॅलेटवाला पीएनजी-८ काढून बघा, जास्तीत जास्त २५६ रंग असतात पण साध्या तक्त्याला तेवढे खूप झाले, आणि फाइल चांगलीच लहान होते. ग्रेडियंट किंवा सावली असेल तर मात्र पट्टे दिसतात, तिथे पूर्ण पीएनजीच.

वेबपी: लॉसी, लॉसलेस, ट्रान्सपरन्सी, ॲनिमेशन सगळं एकात. फोटोचा बॅकग्राउंड कापलेला असेल, म्हणजे फोटोही आहे आणि ट्रान्सपरन्सीही हवी, तर याच्यासारखा सोयीचा पर्याय नाही, पीएनजीत तीच फाइल फार मोठी होते. मर्यादा दोन लक्षात ठेवा. कुठलीही बाजू १६३८३ पिक्सेलच्या वर जात नाही, म्हणून लांबलचक स्क्रीनशॉट अडकतात. आणि लॉसी वेबपी नेहमी ४:२:० च असतो, तेव्हा रंगीत बारीक अक्षरांसाठी लॉसलेस वेबपी निवडा.

एव्हिफ: कमी केबीत फोटो सगळ्यात चांगला हाच टिकवतो असं माझं मत आहे, विशेषतः आकाश आणि अंधाऱ्या सावल्यांमध्ये, कारण १० आणि १२ बिट रंग त्याला जमतात. पण फाइल बनायला वेळ लागतो, शेकडो फोटो असतील तर तो वेळ धरून चाला. खूप दाबलं तर जेपीजीसारखे चौकोन दिसत नाहीत, त्याऐवजी त्वचा, गवत, कापडाचं विणकाम गुळगुळीत होऊन जातं, आणि घाईत बघणाऱ्याला तेच छान वाटतं. सफारीत तो २०२२ च्या १६ व्या व्हर्जनपासून आहे, एजमध्ये २०२४ पासून, म्हणून जुन्या यंत्रांसाठी सोबत जेपीजी ठेवावाच लागतो.

एसव्हीजी: लोगो, आयकॉन, साधी रेखाचित्रं. आत पिक्सेल नसतात, आकार लिहिलेले असतात, म्हणून कितीही मोठं केलं तरी पिक्सेल फाटत नाहीत. एक्सपोर्टच्या आधी अक्षरं आउटलाइनमध्ये बदला, नाहीतर समोरच्याकडे तो फॉन्ट नसला की दुसराच येतो. फोटो घेऊन त्याचा एसव्हीजी करून देणाऱ्या बऱ्याच कन्व्हर्टरमध्ये आत तोच फोटो गुंडाळून ठेवलेला असतो, त्याने काहीही साधत नाही. दुसऱ्याकडून आलेला एसव्हीजी आपल्या साइटवर टाकताना जपून, त्यात स्क्रिप्ट असू शकते.

६. आता खरी तुलना

चित्रं निवडताना मुद्दाम अवघड घ्या: एक चेहरा, एक गवत किंवा केसांचा फोटो, एक संध्याकाळचं आकाश, एक बारीक अक्षरांचा स्क्रीनशॉट, एक लाल अक्षरांचं पोस्टर. एकाच फोटोवरून निष्कर्ष काढू नका.

१) प्रत्येक चित्राची चौथ्या टप्प्यातली तयार, पण अजून लॉसी न झालेली कॉपी पीएनजीत ठेवा. सगळे फॉरमॅट हिच्यातूनच काढायचे, एकातून दुसरा नाही.
२) एकच गोष्ट पक्की धरा. एक तर केबी सारखे ठेवून दिसणं तपासा, नाहीतर दिसणं सारखं ठेवून केबी मोजा. दोन्ही एकदम हलवले की हाती काही लागत नाही.
३) क्वालिटीचा आकडा विसरा. जेपीजीचा ८०, वेबपीचा ८० आणि एव्हिफचा ८० या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, एव्हिफचा ६०-६५ सुद्धा जेपीजीच्या ८० सारखा दिसू शकतो, आणि एव्हिफच्या काही टूलमध्ये तर स्केल ० ते ६३ अशी उलटी असते, आकडा लहान तेवढी क्वालिटी जास्त. दोन वेगळ्या सॉफ्टवेअरचा जेपीजी ८० सुद्धा सारखा नसतो.
४) १०० टक्के झूमवर बघा. ४०० टक्क्यांवर सगळेच फॉरमॅट वाईट दिसतात आणि प्रत्यक्षात तसं कोणी बघत नाही. स्क्रीनचं स्केलिंग १५० किंवा २०० टक्के असेल तर ब्राउझरचा १०० टक्के हा खरा एकास एक नसतो, हेही बघून घ्या.
५) ज्या यंत्रावर वाचक बघणार त्यावर बघा, म्हणजे बहुधा फोनवर.

स्क्वूश हे तुलना करायचं टूल ब्राउझरमध्येच चालतं, मधली रेघ सरकवून दोन्ही बाजू बघता येतात, सुरुवातीला तेवढं पुरतं. जास्त बारकाईने बघायचं तर गिम्प किंवा फोटोशॉपमध्ये मूळ आणि एक्सपोर्ट एकावर एक लेयर टाका आणि वरच्या लेयरचा मोड डिफरन्स करा, जिथे काळं नाही तिथे बदल झालाय. आकाशाच्या फोटोत काळ्याच्या जागी मंद पट्टे दिसले तर समजा तिथे बँडिंग, म्हणजे सलग रंगाचे पट्टे पडणं, येणार.

आणि शक्य असेल तर दुसऱ्याला सांगून फाइलना क, ख, ग अशी नावं द्या आणि मग बघा. नाव माहीत असलं की डोळे नवीन फॉरमॅटच्या बाजूने झुकतात, कोणाचेही.

निकाल आला की फरक किती त्याप्रमाणे ठरवा. पाच-दहा टक्के केबी वाचत असतील तर जेपीजी सोडू नका, दोन-दोन कॉपी सांभाळण्याचा त्रास त्याहून जास्त आहे. निम्म्यावर येत असेल तर पिक्चर टॅग वापरून एव्हिफ, मग वेबपी, शेवटी इमेज टॅगमध्ये जेपीजी, या क्रमाने द्या. ब्राउझर वरून खाली वाचतो आणि जो जमतो तो पहिला उचलतो, त्यामुळे वेबपी आधी लिहिला तर एव्हिफपर्यंत कोणी पोचतच नाही.

७. ॲनिमेशन

इथे पहिला प्रश्न फॉरमॅटचा नाही, हे कॅमेऱ्याने शूट केलेलं आहे की काढलेलं, हा आहे.

शूट केलेलं असेल, किंवा स्क्रीन रेकॉर्डिंग असेल, तर एमपीफोर करा आणि जिफचं नावही काढू नका. ५ सेकंद, सेकंदाला ३० फ्रेम म्हणजे १५० चित्रं झाली. जिफमध्ये प्रत्येक चित्राला जास्तीत जास्त २५६ रंग मिळतात, ती कमतरता झाकायला डिथरिंगचे ठिपके टाकतात, ते ठिपके नीट दाबले जात नाहीत, आणि फाइल व्हिडिओच्या कित्येक पट होते. एमपीफोर करताना एच-२६४ (व्हिडिओ दाबण्याची पद्धत) घ्या, रुंदी आणि उंची दोन्ही सम आकड्यात ठेवा कारण नेहमीच्या ४:२:० मध्ये विषम चालत नाही, आवाजाचा ट्रॅक काढून टाका, आणि हँडब्रेक या व्हिडिओ कन्व्हर्टरमध्ये वेब ऑप्टिमाइझ्डवर टिक करा म्हणजे पूर्ण डाउनलोड व्हायच्या आधी चालू होतं. पानावर टाकताना व्हिडिओ टॅगला ऑटोप्ले, म्यूटेड, लूप आणि प्लेज-इनलाइन हे चारही लावा. म्यूटेड लावायचा राहिला तर स्वतःहून चालू होत नाही, प्लेज-इनलाइन लावायचा राहिला तर आयफोनवर फुल स्क्रीन उघडतो.

काढलेलं असेल, सपाट रंग, थोड्या फ्रेम, तर जिफ, एपीएनजी (हलणारा पीएनजी) आणि ॲनिमेटेड वेबपी असे तीन पर्याय. जिफ सगळीकडे चालतो, पण एखादा पिक्सेल एक तर पूर्ण ट्रान्सपरंट नाहीतर पूर्ण भरलेला, मधलं काही नाही, म्हणून गोल कडांना पांढरी किनार दिसते. ज्या बॅकग्राउंडवर तो बसणार आहे तोच रंग एक्सपोर्टमध्ये मॅट म्हणून द्या, किनार लपते. एपीएनजीत कडा स्वच्छ येतात आणि जिथे तो चालत नाही तिथे निदान पहिली फ्रेम दिसते.

जिफच्या वेगाबद्दल जरा थांबून वाचा, कारण इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. जिफ प्रत्येक फ्रेमची वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागात साठवतो, तेही पूर्ण आकड्यात. ३० फ्रेमसाठी ३.३३ लागतात, ते बसत नाहीत, मग ३ घेतलं तर ३३ फ्रेम होतात आणि ४ घेतलं तर २५, म्हणजे ॲनिमेशन मूळपेक्षा पळतं तरी किंवा रेंगाळतं तरी. म्हणून आधीच १०, २० किंवा २५ फ्रेमवर काम करा, हे आकडे नीट बसतात. आणि वेळ ० किंवा १ टाकू नका, नेहमीचे ब्राउझर त्याला १० समजतात आणि सगळ्यात वेगवान व्हावं म्हणून केलेला जिफ सेकंदाला १० फ्रेमवर येतो.

जिफ लहान करायचा तर या क्रमाने: आधी लांबी कापा, मग रुंदी-उंची कमी करा, मग फ्रेम कमी करा, मग रंग, आणि डिथरिंग बंद करून बघा. लोक रंगांपासून सुरू करतात, तिथे सगळ्यात कमी वाचतं आणि सगळ्यात जास्त बिघडतं.

आफ्टर इफेक्ट्समध्ये केलेले आयकॉन वगैरे असतील तर लॉटी हा ॲनिमेशनचा फॉरमॅट बघा, बॉडीमूव्हिन प्लगिनने जेसन फाइल निघते, कुठल्याही आकारात स्वच्छ दिसते, फक्त पानावर तिचा प्लेअर लावावा लागतो.

सावध: सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लखलखणारं काही करू नका, काही लोकांना त्याने झटका येऊ शकतो. आणि आपोआप सुरू होऊन ५ सेकंदांपेक्षा जास्त चालणारं असेल तर थांबवायचं बटण द्या.

तपासा: ईमेलमध्ये जाणाऱ्या जिफची पहिली फ्रेम एकटीच अर्थ सांगते का? डेस्कटॉपवरच्या काही जुन्या आउटलुकमध्ये तेवढीच दिसते.

८. फॉर्मवर ५० केबीच्या आत मागितलं असेल तर

क्वालिटी १० वर नेऊन चेहऱ्याचे चौकोन करू नका. आधी क्रॉप, मग पिक्सेल कमी, ६०० बाय ८०० वगैरे, किंवा फॉर्मवर जे दिलं असेल ते, मग मेटाडेटा काढा कारण त्यातला छोटा प्रिव्ह्यूच काही केबी खातो, आणि शेवटी क्वालिटी ७५ पासून खाली या. सही असेल तर भोवतालचा पांढरा कागद कापून ग्रेस्केल करा. ५० केबी कोणी ५०,००० बाइट मोजतं तर कोणी ५१,२००, म्हणून ४८ पर्यंतच थांबा. किमान मर्यादाही दिलेली असते कधीकधी, तीही वाचा.

९. अपलोड झाल्यावर

बऱ्याच साइट फाइल घेतल्यावर स्वतः पुन्हा कॉम्प्रेस करतात, एपीएनजी आणि ॲनिमेटेड वेबपीचा साइज बदलताना फक्त पहिली फ्रेम उरते असंही होतं, आणि मेसेजिंग ॲप जिफचा व्हिडिओ करून टाकतात. म्हणून अपलोड केलेली फाइल परत डाउनलोड करा आणि आपल्या फाइलशी ताडून बघा: पिक्सेल तेवढेच आहेत का, फॉरमॅट तोच आहे का, केबी किती झाले, ट्रान्सपरंट जागी काळं तर आलं नाही. डार्क मोड चालू करूनही एकदा बघा, ट्रान्सपरंट पीएनजीवरची काळी अक्षरं तिथे गायब होतात. साइट पुन्हा कॉम्प्रेस करतेच आहे असं दिसलं तर तिला आधीच दाबलेली फाइल देऊ नका, तिला लागणाऱ्या बरोबर पिक्सेलची, क्वालिटी ९० च्या पुढची फाइल द्या आणि मग पुन्हा डाउनलोड करून बघा.